चावीपासून घागरीपर्यंत: पिण्याच्या पाण्याचा पाइप कसा घ्यायचा

(कबनूर इथल्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयकांनी केलेलं हे भाषण. ज्या सदस्या त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं नीटनेटकं करून छापत आहोत.)



बचतीचा हिशोब झाला, कर्जाचे अर्ज झाले. आता तिसरा विषय, पाइप खरेदी. दोन गटांचं म्हणणं आहे की उन्हाळ्याच्या आधी सगळ्यांनी मिळून पाण्याचे पाइप घ्यावेत, एकदम घेतले तर स्वस्त पडतील. त्यांनी दुकानातून भावही लिहून आणलाय. कल्पना चांगली आहे, माझा काही विरोध नाही. फक्त तो भावाचा कागद मी वाचला, त्यावर एवढंच लिहिलंय: 'पाइप, हिरवा, अर्धा इंची, बंडल'. म्हणून मी अध्यक्ष ताईंना म्हटलं, ठरावावर सह्या घ्यायच्या आधी मला वीस मिनिटं द्या.

आत्ता मागून कुणीतरी म्हणालं, "पाइपात काय बघायचं असतंय? पाणी आलं म्हंजे झालं." बरोबर आहे, आपण घेतो असाच. पण गॅसची नळी कशी घेतो बघा. तिच्यावरचा आयएसआयचा शिक्का बघतो, तारीख बघतो, पाच वर्षं झाली की बदलतो. कारण गॅस गळला तर लगेच भडका. पाण्याच्या नळीचा भडका दिसत नाही, त्यामुळं ती अंगणात पडलेली असते. पहाटे तिच्यानं पिण्याचं पाणी भरायचं, मग तिच्यानंच म्हैस धुवायची, दुपारी पोरगा मोटरसायकल धुणार, आणि फवारणीचे दिवस असले की पंप भरायला मालक तीच नळी उचलून नेणार. रात्री परत तिच्यानं पिण्याचं पाणी.

आता आपल्या पाण्याचा प्रवास बघू. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल टाकतो. आशाताई ओटी टेस्ट करून बघतात की क्लोरिन चावीपर्यंत पोचतंय का नाही. आरोग्य खात्याकडून पाण्याची पाहणी होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. हे सगळं चावीपर्यंत. चावीच्या पुढं घागरीपर्यंतचं, पिंपापर्यंतचं जे वीस-पंचवीस फुटांचं अंतर आहे ते कुणाच्याच रजिस्टरमध्ये नाही. ते आपल्याच ताब्यात आहे, आणि आपण तिथं भंगारातली नळी लावतो.

हे मी उगीच ताणून सांगत नाही. २०१२ सालची इचलकरंजीतली काविळीची साथ तुमच्यातल्या बऱ्याच जणींना आठवत असेल. माणसं दगावली होती. ती साथ दूषित पाण्याची होती. पाण्यातून येणारी कावीळ दोन प्रकारची, ए आणि ई. ई प्रकारची गरोदर बाईला फार वाईट, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. त्यात जीव जाऊ शकतो. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, जुलाब आज दूषित पाणी प्यालं की उद्या-परवा लागतात, पण कावीळ दिसायला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ जातो. त्यामुळं घरात कुणाचे डोळे पिवळे झाले की आपण म्हणतो बाहेरचं खाल्लं असेल, लग्नातलं पाणी असेल. दीड महिन्यापूर्वी आपलीच नळी गटारीत पडली होती, हे कुणाला आठवणार?

म्हणजे प्रत्येक कावीळ नळीनंच होते असं नाही. मुख्य पाइपलाइन फुटली, टाकी धुतली नाही, तर नळी सोन्याची असून उपयोग नाही, आणि त्यासाठी ग्रामसभेत विचारायलाच पाहिजे. पण ग्रामसभा होईपर्यंत आपल्या हातात जे आहे ते तरी करू.

नळीचे धोके दोन. एक नळी ज्याची बनलीय त्याचा, दुसरा आपण ती जशी वापरतो त्याचा. दुसरा मोठा आहे. पण खरेदीचा विषय आहे म्हणून पहिला आधी घेते.

बाजारातली हिरवी, पिवळी, निळी मऊ नळी बहुतेक पीव्हीसीची असते. पीव्हीसी मुळात कडक. आपल्या घरातला बोअरचा पाइप आठवा, तोही पीव्हीसीच. त्याला मऊ करायला त्यात तेलासारखी रसायनं मिसळतात. त्यातल्या एका कुळाचं नाव थॅलेट. उष्णतेनं ते खराब होऊ नये म्हणूनही काही मिसळावं लागतं, आणि त्यासाठी पूर्वापार शिशाचे क्षार वापरले जात. ही रसायनं नळीत घट्ट बसलेली नसतात. नळी तापली, त्यात पाणी तुंबून राहिलं, की थोडी थोडी पाण्यात उतरतात. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी तोंडात घेऊन बघितलंय कधी? रबरासारखा, औषधासारखा वास येतो. तो वास त्याचाच.

शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर शिसं चालत नाही. पीव्हीसी पाइपांतल्या शिशाबद्दल केंद्र सरकारनं २०२१ साली नियमही काढले. पण भंगार वितळवून केलेल्या स्वस्त नळीत आधी काय काय होतं, चपला होत्या का वायरीचं कवच होतं, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इकॉलॉजी सेंटर नावाच्या संस्थेनं बागेच्या नळ्या तपासल्या होत्या, त्यांना काही नळ्यांत शिसं आणि थॅलेट दोन्ही सापडलं. बागेची नळी बागेसाठीच असते. ती बनवणारा पिण्यासाठी म्हणून बनवतच नाही.

तिकडं लोक घरासारखी मोठी गाडी घेऊन फिरायला जातात. गाडीतच पलंग, चूल, पाण्याची टाकी. मुक्कामाला थांबले की तिथल्या नळाला पाइप जोडून टाकी भरायची. त्या लोकांत एक रीत आहे. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, बहुतेक करून पांढरा नाहीतर निळा, त्यावर पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून छापलेलं. गाडीच्या संडासाची टाकी धुवायचा पाइप दुसऱ्याच रंगाचा, तो ठेवायचाही दुसऱ्या कप्प्यात. अंधारात, पावसात, घाईत असलं तरी हात चुकीच्या पाइपावर जाऊ नये म्हणून.

आपल्याकडं कुठली अशी गाडी, असं म्हणू नका. आषाढीला दिंडीबरोबर जो ट्रक जातो तो काय आहे? सामान त्यात, स्वयंपाक त्याच्या आडोशाला, पाण्याचं पिंप त्यात, आणि मुक्कामाला कुणाच्या तरी विहिरीवरून नाहीतर टँकरवरून पाणी भरायचं. कुठल्या नळीनं? जी ट्रकात पडलेली असेल तिनं. डिझेल काढायलाही तीच. तुमच्यातल्या ज्या वारीला जातात त्यांनी यंदा दिंडीसाठी एक वेगळी नळी न्यावी, दोन्ही तोंडं बांधून, पिशवीत घालून. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेच्या काठावर टँकरनं पाणी वाटायची वेळ आली, त्या वेळीही टँकरची नळी चिखलात लोळताना सगळ्यांनी बघितलीय. टँकर आला की भांडण नंबरावरून होतं, नळीवरून कधीच होत नाही. एकदा व्हायला पाहिजे. "आधी नळीचं तोंड धुवा, मग भरा," एवढं एका बाईनं मोठ्यानं म्हटलं तरी पुरतं.

आता दुकानात काय बघायचं.

सगळ्यात आधी घरी बघा, की लवचिक नळी लागतेच का? तुमची चावी आणि टाकी यांची जागा ठरलेली असेल, रोज तेच अंतर असेल, तर नळी घेऊच नका. प्लंबरला बोलवून कडक पाइप कायमचा बसवून घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी पीव्हीसीचा घेतला तर त्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४९८५ हा आकडा छापलेला असतो. काळा एचडीपीई घेतला तर आयएस ४९८४, आणि अंगावर निळ्या रेघा असतात. काळा म्हणजे वाईट असं समजू नका, उन्हात टिकावा म्हणून त्यात काजळी घालतात. वाईट तो मऊ, बिनछापाचा, मातकट काळा. एकदा खर्च होतो, पण गटारीत पडायचा प्रश्न मिटतो, रोज गुंडाळायचा प्रश्न मिटतो. ज्यांना जमेल त्यांनी यासाठी गटातून छोटं कर्ज घ्यावं, असं मी म्हणेन. घरदुरुस्तीला देतो, तसं याला द्यायला काय हरकत आहे?

ज्यांना नळी लागतेच, म्हणजे सार्वजनिक चावीवरून भरणाऱ्या, वाड्यात एकच चावी असणाऱ्या, त्यांनी दुकानदाराकडं 'फूड ग्रेड' नळी मागायची. हाच शब्द वापरायचा. फूड ग्रेड म्हणजे अन्नाला, पाण्याला लागली तरी चालेल अशा मालाची. अन्न, औषध आणि पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या पीव्हीसीसाठी आयएस १०१५१ असं मानक आहे, पॉलिथिनसाठी आयएस १०१४६. दुकानदाराला हे आकडे पाठ असतीलच असं नाही, पण तुम्ही विचारलं की त्याला कळतं या बायका काहीतरी वाचून आल्यात. आपल्या जिल्ह्याला एक सोय आहे, ती म्हणजे दूध. डेअरीला, दूध काढायच्या मशीनला लागणाऱ्या नळ्या जिथं मिळतात तिथं फूड ग्रेड हा शब्द नवीन नाही. हार्डवेअरच्या दुकानात नाही मिळाली तर तिथं विचारायचं.

फूड ग्रेड असं नळीच्या अंगावर छापलेलं पाहिजे. पुठ्ठ्याच्या वेष्टनावर असेल तर वेष्टन आपण फेकून देतो आणि नळी कापून देताना कुठली दिली ते कळत नाही. काही मालावर त्रिकोणात आकडा असतो. तो आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो, तीन म्हणजे पीव्हीसी. तो मालाच्या शुद्धतेची हमी नव्हे. दुकानदार तो दाखवून "हे बघा छाप हाय" म्हणेल, तर हसून पुढं विचारायचं.

एक घरगुती तपासणी आहे. दुकानातून फूटभर तुकडा नमुना म्हणून मागायचा. तो धुवून स्टीलच्या डब्यात कोमट पाण्यात रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी झाकण उघडून वास घ्यायचा. पाण्याला प्लॅस्टिकचा, रॉकेलचा वास आला तर ती नळी नाही घ्यायची, कितीही स्वस्त असो. वास आला नाही म्हणजे नळी चांगलीच असं मात्र ठरत नाही, शिशाला वास नसतो. म्हणून छापही बघायचा आणि वासही.

रंगाचं सांगते. आरपार दिसणारी नळी घ्यावी का? तिच्यात घाण दिसते हा फायदा. पण ऊन आत जातं आणि शेवाळ धरतं हा तोटा. मला विचाराल तर आतलं न दिसणारी चांगली. पण फूड ग्रेड नळ्या पुष्कळदा आरपार, आत दोऱ्याची जाळी असलेल्या मिळतात. तशी मिळाली तर घ्या, फक्त सावलीत ठेवा. फूड ग्रेड नसलेली हिरवी घेण्यापेक्षा फूड ग्रेड पांढरी केव्हाही बरी.

जोडाचं विसरू नका. नळी चांगली घ्यायची आणि चावीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा नाहीतर जुन्या पातळाची चिंधी बांधायची, असं आपल्या गल्ल्यांतून सर्रास दिसतं. चिंधी दिवसभर ओली राहते, तिच्यात जंतू वाढतात, आणि रोजचं पाणी तिच्यातून झिरपत जातं. चावीच्या मापाची नळी आणि स्टीलची क्लिप, बस्स. क्लिपला फार पैसे पडत नाहीत.

आणि लांबी. गरजेपुरतीच. जास्त लांब नळी म्हणजे जास्त पाणी आत तुंबून राहणार. मी हिशोब केलाय. अर्ध्या इंची पन्नास फूट नळीत जवळजवळ दोन लिटर पाणी मावतं, पाऊण इंची असेल तर चार लिटरच्या वर. म्हणजे पाणी आल्यावर पहिला तांब्याभर सोडून दिला की झालं, असं जे आपण करतो ते पुरत नाही. आतलं शिळं पाणी तेवढ्यात निघतच नाही. नळी लांब असेल तर पहिली अर्धी बादली बाजूला धरायची. वाया घालवू नका, झाडाला, भांड्याला, फरशीला वापरा. पण घागरीत नको.

इथं एका काकूंनी विचारलं, "पाणी पाऊण तास येतंय, त्यात अर्धी बादली सोडत बसू व्हय?" काकू, म्हणूनच नळी पाणी गेल्यावर रिकामी करून ठेवायची. एक टोक उंच धरून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत न्यायचं, सगळं पाणी निघून जातं. रिकामी, वाळलेली नळी असली की थोडंसं सोडूनही भागतं. भरलेली ठेवली की सोडावंच लागतं.

आता वापर. हा भाग खरा महत्त्वाचा, म्हणून सावकाश सांगते.

आपल्याकडं पाणी कुठल्या गल्लीत पहाटे, कुठल्या गल्लीत रात्री. कांड्या भरत बसलेली बाई "पाणी आलं गं" म्हटल्याबरोबर उठते, अंगणातली नळी ओढते, एक टोक चावीला, एक पिंपात, आणि परत कांडीवर जाऊन बसते. पिंप भरेपर्यंत बघायला वेळ कुणाला? नळीचं टोक पिंपाच्या तळाशी बुडलेलं. मध्येच पाणी जातं. चावी उघडीच. पाणी गेलं की लाइनमधलं पाणी उताराकडं ओसरायला लागतं आणि मागं ओढ निर्माण होते. आपण तेल काढायला नळीनं ओढून सोडतो ना, तसंच. आपल्या पिंपातलं पाणी उलटं नळीतून लाइनमध्ये जातं. पिंपाऐवजी ते टोक म्हशीच्या हौदात असेल तर? फवारणीच्या पंपात औषध टाकून झालेलं असेल आणि टोक त्यात बुडलेलं असेल तर? ते औषध गल्लीच्या लाइनमध्ये जाणार आणि दुसऱ्या दिवशी पहिली घागर ज्या घरात भरली जाईल तिथं पोचणार. ते घर आपलंही असू शकतं.

याला उपाय फुकटचा आहे. नळीचं टोक पाण्याच्या वर, काठापासून चार बोटं उंच राहील असं बांधायचं. बुडवायचं नाही. आणि फवारणीचा पंप नळीनं भरायचाच नाही, बादलीनं भरायचा. मालकांना हे सांगायला आज घरी गेल्यावरच सुरुवात करा. "मीटिंगमध्ये सांगितलंय" म्हणा, माझं नाव सांगा, माझी काही हरकत नाही.

दुसरी गोष्ट मोटारीची. यावर बोललं की सभेत शांतता पसरते, आत्ताही पसरली. नळाला थेट मोटार लावायची नसते हे सगळ्यांना माहीत आहे, आणि समोरच्यांनी लावली की आपल्याला लावावीच लागते हेही खरं आहे. मी कुणाला दोष देत नाही. फक्त काय होतं ते सांगते. मोटार पाणी ओढते तेव्हा लाइनीत जिथं जिथं भेग आहे, सैल जोड आहे, तिथून बाहेरचंही आत ओढलं जातं. आपली लाइन कित्येक ठिकाणी गटारीला लागून जाते, नळी तर गटारीतूनच टाकलेली असते. म्हणजे मोटार लावून आपण पाण्याबरोबर गटारही विकत घेतो, वर लाइटबिल भरतो. मोटार लावायचीच असेल तर पाणी आधी खालच्या टाकीत आपोआप पडू द्यायचं आणि मग त्या टाकीतून वर चढवायचं. आणि हे एका घरानं करून भागत नाही, अख्ख्या गल्लीनं ठरवावं लागतं. आपले गट गल्लीवारच आहेत, तेव्हा हे ठरवायचं तर इथंच ठरू शकतं.

नळी गटारीतून नेऊ नका. रस्ता ओलांडून न्यायची असेल तर वरून, तारेला अडकवून न्या. गाडीचं चाक गेलेली नळी बाहेरून बरी दिसते, पण आत चिरलेली असते.

पाणी भरून झालं की नळी रिकामी करून, गुंडाळून, खिळ्याला सावलीत टांगा. दोन्ही तोंडांना झाकण लावा. झाकण नसेल तर दोन्ही तोंडं एकमेकांत अडकवा, स्वच्छ पिशवी बांधा. उघड्या नळीत पाल जाते, झुरळ जातं, मी सांगायला नको. पिण्याच्या नळीला एक खूण करा, लाल चिकटपट्टी लावा नाहीतर बांगडीचा रंग द्या, काहीही. पोरांना सांगा, ही नळी फक्त पिण्याची.

महिन्यातून एकदा नळी निर्जंतुक करायची. दहा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा ताजी टीसीएल पावडर टाकायची, अर्धा तास निवळू द्यायची, वरचं नितळ पाणी नळीत भरायचं, दोन्ही तोंडं बंद करून तासभर ठेवायचं. मग ओतून द्यायचं आणि क्लोरिनचा वास जाईपर्यंत चावीच्या पाण्यानं धुवायची. पावडर उघड्या हातानं घेऊ नका, आणि संडास धुवायच्या अ‍ॅसिडजवळ तर अजिबात नेऊ नका, दोन्ही मिसळलं तर विषारी वायू तयार होतो. नळीत बोट घालून बघा, आत बुळबुळीत लागलं, काळा-हिरवा थर निघाला, तर टीसीएलनं भागणार नाही. त्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात. ती नळी गोठ्याला द्या.

पिंपाबद्दलही एक वाक्य. कापडाच्या प्रोसेसमधून, कारखान्यांतून निघालेले केमिकलचे निळे बॅरल जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. कितीही धुतले तरी पिण्याला नकोत. फूड ग्रेड नळीनं केमिकलच्या बॅरलात पाणी भरून काय मिळवलं?

"हे सगळं खरं कशावरून," असं एक वहिनी म्हणाल्या, आणि मला ते आवडलं. आपण तपासून बघू. जलजीवन मिशनमध्ये गावागावातून पाच-पाच बायकांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे, तपासणीची पेटीही असते. त्यात जंतूंच्या तपासणीची छोटी बाटली असते. तीत पाणी भरून उबेला ठेवायची, २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर त्यात घाणीतले जंतू असल्याची खूण. पुढच्या महिन्यात आपण प्रत्येक गल्लीत एका घरी दोन बाटल्या लावू. एक थेट चावीतून भरलेली, एक त्याच वेळी नळीच्या टोकातून भरलेली. चावीची बाटली काळी झाली तर आपण ती घेऊन ग्रामपंचायतीत जायचं. चावीची साफ आणि नळीची काळी झाली तर ग्रामपंचायतीत जायची गरज नाही, घरातच बोलायचं. बाटली घरी चुलीजवळ उघड्यावर ठेवू नका, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. तपासून झाल्यावर ती आशाताईंकडं द्या.

ज्यांच्या घरात आत्ता गरोदर सून आहे किंवा लहान बाळ आहे त्यांनी बाटलीची वाट बघू नका. त्यांच्यापुरतं पाणी उकळायचं, खळखळून उकळी येऊ द्यायची, किंवा आशाताईंकडून मेडिक्लोर घेऊन बाटलीवर लिहिल्याप्रमाणं टाकायचं.

तर आता खरेदीचं. 'पाइप, हिरवा, बंडल' हा भाव आपण बाजूला ठेवू. प्रत्येक सदस्येनं घरी जाऊन चावीपासून पिंपापर्यंतचं अंतर मोजायचं, हातानं नको, टेपनं. चावीचं माप अर्धा इंच आहे का पाऊण तेही बघायचं. ज्यांचं काम कडक पाइपात भागतंय त्यांनी नळीच्या यादीत नाव देऊ नका. सचिव ताई गटवार यादी करतील. दोन दुकानांतून फूड ग्रेड नळीचे नमुने आणायचे, डब्यात भिजवायची तपासणी इथंच, कार्यालयात, सगळ्यांसमोर करू. बिलावर दुकानदारानं 'फूड ग्रेड, पिण्याच्या पाण्यासाठी' असं लिहून दिलं पाहिजे. लिहून द्यायला तयार नसेल तर ते दुकान सोडायचं. नळी हिरवीपेक्षा महाग पडणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते. पण पन्नास फुटांच्या जागी पंचवीस फूट घेतली तर फरक बराच कमी होईल.

याद्या गुरुवारपर्यंत द्या. शुक्रवारी मी आणि दोन्ही गटांतल्या एकेक ताई इचलकरंजीला जाऊ.